ढोकीचा गोठा, बेंबळीची दावण

ढोकीत गौरीशंकरच्या दुकानात शिरलं की आधी वास भेटतो आणि मग मालक. सरकी पेंडेचा, भुश्याचा, मक्याच्या भरड्याचा असा एक जाडजूड वास अंगावर येतो, आणि पोत्यांच्या थप्पीमागं लॅपटॉपात डोकं घातलेला माणूस दिसतो. गिऱ्हाईक एकदा खाकरतं, दोनदा खाकरतं. तिसऱ्यांदा खाकरायच्या ऐवजी ते सरळ पोत्यावर बसतं आणि म्हणतं, "व्हऊ द्या मालक, तुमचं व्हऊ द्या." गावानं त्याला असं सांभाळून घेतलंय, कारण माणूस मापात मारत नाही आणि उगाच गोड बोलत नाही. पेंडवाल्यात हे दोन्ही गुण एकत्र सापडणं तसं नवलच.

वय पंचेचाळिशीच्या पुढं. पोट जरासं सुटलेलं, कपाळाला विभूती, चष्म्याच्या काचेवर कायम भुश्याची धूळ. लातूरला इंजिनिअरिंगची दोन वर्षं होतात न होतात तोच वडील गेले, आणि पुस्तकं गुंडाळून तो गल्ल्यावर येऊन बसला. त्याबद्दल त्याची कुरकूर कुणी कधी ऐकली नाही. मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या फुकटचे व्हिडिओ बघत तो प्रोग्राम लिहायला शिकला, आणि त्यातून 'गोठा' जन्माला आला. दुकान वडिलांनी घातलेलं, घर आजोबांनी बांधलेलं, एवढंच काय, नावसुद्धा पणजोबांचं. सगळं आयतं मिळालेलं. आपल्या हातानं उभं केलं असं सांगायला त्याच्याजवळ एकच गोष्ट होती, आणि ती फोनमध्ये मावत होती.

गोठ्याचं असं झालं. पेंड न्यायला येणारी बायामाणसं जाता जाता विचारायची, "मालक, आमची शेळी कधी व्यायची वो?" शेळी गाभण राहिली की खुराक वाढतो, आणि खुराक कधी वाढला हे पेंडवाल्याइतकं दुसऱ्या कुणाच्या ध्यानात राहत नाही. गौरीशंकर मनातल्या मनात पाच महिने मोजायचा आणि सांगायचा. पण शेळ्या वाढल्या, गाई वाढल्या, त्यात लसींच्या तारखा आल्या, आणि एके दिवशी त्यानं एकीच्या म्हशीची तारीख दुसरीच्या शेळीला सांगितली. त्या बाईनं दुकानात येऊन त्याची जी हजेरी घेतली ती ऐकायला समोरचा पानवालासुद्धा टपरी सोडून आला होता. त्याच आठवड्यात गौरीशंकरनं गोठा लिहायला घेतला. जनावर कधी गाभण राहिलं, लस कधी टोचली, एवढं एकदा फोनला सांगायचं. पुढची आठवण फोन करणार. त्याला नेट लागत नव्हतं आणि पैसाही लागत नव्हता. मराठीतून चालायचा, आणि सीमेकडच्या पाहुण्यांची सोय म्हणून कानडीतूनही.

वर त्यानं त्याचा सगळा कोड उघडा ठेवला. जगभरातले प्रोग्राम लिहिणारे आपापला कोड इंटरनेटवरच्या एका मोठ्या चावडीवर मांडून ठेवतात. ज्याला हवा त्यानं न्यावा, बदलावा, आणि बदल चांगला झाला तर मूळ मालकाला आणून दाखवावा. मालकाला पसंत पडला तर तो घेतो. याला ओपन सोर्स म्हणतात, असं गौरीशंकर सांगायचा आणि ऐकणारा विचारायचा, "पर ह्यात तुमाला काय सुटतं?" त्यावर गौरीशंकर भरड्याचं पोतं हलवायला उठायचा.

मग एका सकाळी त्या चावडीवर त्याला इंग्रजीतून एक निरोप आला. पाठवणाऱ्यानं नाव लावलं होतं 'लोकर'. चावडीवर गौरीशंकरनं आपलं नाव नुसतं 'गौरी' लावलेलं, त्यामुळं सुरुवात होती, "रिस्पेक्टेड गौरी मॅडम". पुढं अत्यंत अदबीनं लिहिलं होतं की तुमचा गोठा फार सुंदर आहे, पण कळप मोठा असला की तो धापा टाकतो. मी एक छोटी दुरुस्ती केली आहे, योग्य वाटल्यास स्वीकारावी. गौरीशंकरनं गोठा तपासला होता तो पाच शेळ्यांवर. शंभर मेंढरं असतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्यानं दुरुस्ती लावून बघितली आणि गोठा असा पळायला लागला की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

मॅडमचं काय करावं हा प्रश्न होता. मी मॅडम नाही असं कळवलं तर त्या भल्या माणसाला शरमल्यासारखं होईल, म्हणून त्यानं ते तसंच राहू दिलं आणि उत्तर लिहिलं, "रिस्पेक्टेड लोकर सर". समोरून त्यावर काहीच दुरुस्ती आली नाही. त्याअर्थी लोकर हे पुण्याबिण्याचे कुणीतरी मोठे इंजिनिअर असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

संध्याकाळी त्यानं हे बायकोला सांगितलं. उमादेवी भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मग तुमी काय दिलं त्यास्नी?"

"मी कशाला काय देऊ? असं देणंघेणं नसतंय त्यात."

"असं कसं? शेजारणीनं वाटीतनं काय दिलं तर ती वाटी रिकामी परत देतो का आपण?"

झालं. हा नियम काही इंटरनेटवर कुठं लिहिलेला नाही, पण आपल्याकडं तो जन्मल्याबरोबर लागू होतो. गौरीशंकर त्या चावडीवर लोकर सरांचा माग काढत गेला आणि त्यांचा स्वतःचा प्रोग्राम त्याला सापडला. नाव 'दावण'. काम? तेच! गाभण जनावरं, लसी, आठवणी. आपण ज्याला आपलं म्हणतोय ते दुसऱ्या कुणीतरी तिकडं आधीच उभं केलंय, आणि काही बाबतींत आपल्याहून बरं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही, आणि हे कबूल करायला मी मागंपुढं बघणार नाही, कारण एवढी असूया नसेल तर माणसाला माणूस तरी का म्हणायचं? तिसऱ्या दिवशी मात्र वाटी आठवली. दावणीला कानडी येत नव्हती. त्यानं ती शिकवली आणि अदबीनं पाठवून दिली.

पण लोकर सरही आपल्याच मातीतले निघाले असावेत, कारण त्यांनाही वाटी रिकामी परत देववेना. कानडीच्या बदल्यात त्यांनी गोठ्याला फोटो ठेवायची सोय करून पाठवली. गौरीशंकरला ते ओझं झालं. त्यानं दावणीला जुन्या, स्वस्तातल्या फोनवर चालायला शिकवलं. तिकडून वजनाचा तक्ता आला. इकडून करडांच्या जंताच्या औषधाची आठवण गेली. लोक आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात. या दोघांनी कोहळ्याला कोहळा द्यायचा असा सपाटा लावला की दोन वर्षांत गोठ्यात जे जे होतं ते ते दावणीत गेलं आणि दावणीत होतं ते गोठ्यात आलं. गोठा हिरवा आणि दावण हळदीसारखी पिवळी, एवढाच काय तो फरक उरला. सुताराची दोन पोरं दोन गावांत बसून एकसारखी एक चौकट घडवत बसावीत, आणि दोन्ही चौकटी एकाच दाराला बसाव्यात, असा प्रकार.

यातून गंमत सरली आणि काम वाढलं. काहीही बिघडलं की ते दोन्हीकडं बिघडायचं, आणि दुरुस्ती दोनदा करावी लागायची. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! गौरीशंकर दिवसा पेंड विकायचा, सकाळ-संध्याकाळ गोठा सांभाळायचा, आणि मधल्या वेळेत सौजन्य म्हणून दावण. तिकडं लोकर सरांचीही हीच गत असणार हे त्याला कळत होतं. पण पुरे म्हणायचं कुणी?

एके दिवशी लोकर सरांनी दावणीला आवाज दिला. नुसती घंटी वाजण्याऐवजी फोन बोलणार होता. गौरीशंकरनं दुकानात बसूनच तो लावून बघितला, आणि लॅपटॉपातून एक म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत, भरदार आवाज आला, "शेळी आज-उद्या व्यायचीय बरं का. घर सोडू नगा. कोमट पाणी करून ठिवा."

पोत्यावर बसलेली रुद्रम्माक्का दचकून दाराकडं बघायला लागली. रुद्रम्मा ढोकीचीच. माहेर कर्नाटकातलं. चार शेळ्या, दोन म्हशी, आणि जिभेला हाड नाही.

"अय्यो, हरिबा कवा आला?"

"कोण हरिबा?"

"बेंबळीचा हरिबा धनगर! दरवर्षी आमच्या रानात मेंढरं बसवतो की. आत्ता बोलला न्हाय का त्यो? मला आवाज वळखू येत न्हाय व्हय?"

रानात मेंढरं बसवणं म्हणजे खतासाठी कळप काही दिवस शेतात मुक्कामाला ठेवणं. म्हणजे ज्या आवाजाचा माणूस दरवर्षी याच गावच्या शिवारात येऊन मुक्काम करत होता, त्याला गौरीशंकर पुण्याच्या इंजिनिअरांकडं शोधत होता. त्यानं दुकानाला कुलूप घातलं, मोटारसायकल काढली आणि तेर मागं टाकून, धाराशिव ओलांडून बेंबळी गाठली.

हरिबाचं घर विचारत गेला तर अंगणात एक तिशीची बाई शाळेतून नुकतीच आलेली, खांद्याला पर्स तशीच, फोनवर बोलत उभी. गौरीशंकर म्हणाला, "लोकर सर इथंच राहतात का?"

तिनं फोन खाली घेतला. "तुम्ही कोण?"

"मी ढोकीचा. गौरी... म्हणजे गौरीशंकर."

"गौरी मॅडम?" ती म्हणाली, आणि दोघंही असे हसायला लागले की आतून तिची आई सिताबाई काय झालं म्हणून बाहेर आली.

ती हरिबाची मुलगी दैवशाला. शाळेत विज्ञान शिकवायची. वडील कळप घेऊन महिनोन् महिने बाहेर असायचे. त्यांना वाचता येत नव्हतं आणि वय झाल्यावर तारखा निसटायला लागल्या होत्या. त्यांच्यासाठी तिनं दावण लिहिली होती, आणि बाकीच्या मेंढपाळांनाही कामाला यावी म्हणून आवाज त्यांचाच घेतला होता. त्या दिवशी सिताबाईनं गौरीशंकरला भाकरी, डाळ, शेंगाची चटणी असं पोटभर जेवू घातलं. तो 'दैवशालाताई' म्हणायला लागला, ती 'अण्णा'. इतके दिवस इंग्रजीत जेवढं लिहिलं होतं तेवढं त्यांनी तासाभरात मराठीत बोलून टाकलं. बोललं नाही ते एकच. दोन प्रोग्राम एकच काम करताहेत आणि दोघंही दमलोय, हे दोघांच्याही ओठांवर आलं आणि दोघांनीही ते चहाबरोबर गिळून टाकलं.

निजामाच्या राज्यातून आमच्या मुलखात पुष्कळ शब्द आले. त्यातला तकल्लुफ हा शब्द बोलण्यातून गेला असेल, पण स्वभावातून काही गेला नाही. समोरच्याला अवघडायला होईल म्हणून आपण अवघडून बसायचं, ही कला इथल्या माणसांना कुणी शिकवावी लागत नाही.

उन्हाळा लागला आणि एक नवंच लचांड आलं. फोनवाल्यांनी नियम बदलले. नव्या फोनमध्ये गोठा आणि दावण दोन्ही मुके होणार होते. झोपलेला फोन जागा करून आठवण द्यायची तर आतली सगळी रचना नव्यानं लिहावी लागणार होती. आणि पावसाळ्याआधीच्या लसी तोंडावर आलेल्या. काम एवढं मोठं की एकाच प्रोग्रामचं झालं असतं तरी खूप. दोन्हींचं होणं शक्य नव्हतं. एक बंद करून दोघांनी दुसऱ्यात हात घालायचा, हाच शहाणपणा होता. प्रश्न एवढाच होता, की बंद कुणाचा?

गौरीशंकरनं आठवडाभर विचार केला. दावणीला हरिबांचा आवाज आहे. दैवशाला वयानं लहान आहे, पुढं कितीतरी वर्षं सांभाळील. तिच्याजवळ खरा कळप आहे, आपल्याजवळ एक शेळी नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, ती बिचारी स्वतः होऊन कधीच म्हणणार नाही की अण्णा, तुमचा बंद करा. म्हणजे आपणच केला पाहिजे. हिशेब सरळ होता, पण मांडून झाला की तो पुन्हा पहिल्यापासून मांडायला घ्यायचा. पेंडवाला म्हणून त्याला सगळे ओळखत होते. गोठा लिहिणारा म्हणून त्याची त्यालाच ओळख होती, आणि ती आता पुसायची होती.

एका संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी त्यानं ते उरकलं. त्या चावडीवर आपल्या कोडाची मालकी दुसऱ्याच्या नावावर करता येते. सातबारा फिरवण्यासारखंच, फक्त हेलपाटे नाहीत. गोठ्यातलं उद्या काही उपयोगाला आलं तर तिला मोकळेपणानं घेता यावं, म्हणून त्यानं मालकी दैवशालाच्या नावावर केली. त्याआधी सगळ्या वापरणाऱ्यांच्या फोनवर पाटी लावली, 'गोठा बंद होत आहे. कृपया दावण वापरा.' आणि गोठ्याला कुलूप घातलं. मग फोन बंद करून गल्ल्यात टाकला आणि घरी गेला.

उमादेवीनं त्याचे डोळे बघितले. "काय झालं वो?"

"काय न्हाय. पेंडेची धूळ गेली."

"पेंडेची गाडी तर आज आलीच न्हाय," ती म्हणाली, आणि पुढं काही न विचारता तिनं ताट वाढलं. त्यानं ते ढकलून दिलं, आणि मग सगळं सांगितलं. ऐकून ती त्याच्या शेजारी येऊन बसली. इतकी वर्षं तिनं त्या कामाला 'तुमचं खूळ' म्हटलं होतं. आता तिच्याही डोळ्यांना पाणी आलं.

सकाळी दुकान उघडतं न उघडतं तोच रुद्रम्मा आली. एका हातात फोन, दुसरा हात कमरेवर.

"एनप्पा गौरीशंकर, खुळं केलास का मला? गोठा म्हणतोय दावणीत जा. नातीनं दावण घालून दिली तर दावण म्हणती गोठ्यात जा! सकाळधरनं दोन खेपा झाल्या माझ्या. म्या माणूस हाय का चेंडू?"

गौरीशंकरनं तिचा फोन हातात घेतला. पिवळ्या रंगावर पाटी होती, 'दावण बंद होत आहे. कृपया गोठा वापरा.' त्यानं गल्ल्यातून आपला फोन काढून चालू केला. दैवशालाचे निरोप रांगेनं आले. पहिला काल संध्याकाळचाच होता: अण्णा, तुमचा गोठा जुना, तुमचा अनुभव मोठा, दावण मी बंद केली, मालकी तुमच्या नावावर केली, वाईट वाटून घेऊ नका. शेवटचा आज पहाटेचा, आणि त्यात अदब अजिबात नव्हती: अण्णा, हे तुम्ही काय करून बसलात?

दोन गावांतले दोन शहाणे एकाच संध्याकाळी एकमेकांसाठी आपापली दारं लावून मोकळे झाले होते, आणि तालुक्यातल्या शेळ्या मधल्या बोळात उभ्या होत्या.

त्यानं फोन लावला. "ताई, मी निघालो तिकडं."

"मी पण निघालेय तुमच्याकडं!"

"मग?"

"आबांची मेंढरं तेरच्या शिवारात बसलीत. तिथंच या."

तेरणेच्या काठाला, कापणी झालेल्या मोकळ्या रानात हरिबांचा मुक्काम होता. सोबत भागवत नावाच्या दुसऱ्या मेंढपाळाचा कळप. बाभळीखाली घोंगडं अंथरलेलं, तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता. दैवशाला आधीच येऊन पोचली होती आणि तिचा चेहरा बघून गौरीशंकरला कळलं की तिनंही रात्री ताट ढकललं असणार. दोघं बोलायला लागले ते एकदमच.

"अण्णा, तुम्ही आधी उघडा, तुमचा मान..."

"मान कशाचा, तुमची दावणच बरी आहे, ताई..."

"थांबा," हरिबा म्हणाले. "काय झालंय त्ये मला सांगा. एकेकानं."

त्यांनी एकेकानं सांगितलं. ऐकून झाल्यावर हरिबांनी भागवतकडं बघितलं, आणि दोघं म्हातारे असे हसले की जवळची मेंढरं उठून उभी राहिली.

"शंकरआप्पा, तुझं त्ये उघड," हरिबा म्हणाले. "त्यात तुझं लिवलेलं कुठलं, दाखीव."

गौरीशंकरनं लॅपटॉप उघडला. कुलूप असलं तरी वाचायला सगळं उघडंच होतं. आठवण देणारा भाग? तो दैवशालानं नव्यानं लिहिला होता. मोठ्या कळपाचा? तिचाच. फोटो? तिचे. जंताच्या औषधाचं त्याचं होतं, पण त्यातही तिची दुरुस्ती होती. तो खाली खाली जात राहिला, तरी निव्वळ आपलं असं काही सापडेना. दैवशालानं आपली दावण उघडली तर तिथं कानडी त्याची, जुन्या फोनचं काम त्याचं. तिनं ओठ चावला.

"म्हंजी कुणाचं काय ह्ये तुमालाच म्हाईत न्हाय, आन् बंद करायला निघालाव!" हरिबांनी चहा गाळला. "ह्या भागवतची मेंढरं आन् माझी मेंढरं बघा. खुणा येगळ्या हायत, ज्याचं त्याला कळतंय. पर वाडा एक. वाघर एक, कुत्री एक. एक दिस म्या राखतो, एक दिस त्यो राखतो. दोघं बी रोज जागलो असतो तर कवाच मेलो असतो."

वाडा म्हणजे मेंढरं रात्री बसवायची जागा, आणि वाघर म्हणजे तिच्याभोवती लावायचं जाळं. गौरीशंकर आणि दैवशालानं एकमेकांकडं बघितलं. आतली सगळी रचना एकच, दोघांची मिळून, एकदाच लिहायची. वरून गोठा हिरवा आणि दावण पिवळी राहिली तरी कुणाचं काय बिघडणार होतं? दोघांच्या डोक्यात हे एकदमच आलं, आणि एवढं साधं आपल्याला दोन वर्षांत सुचू नये याची दोघांनाही लाज वाटली.

"ते झालं, आबा," दैवशाला म्हणाली. "पण आता गोठा माझ्या नावावर आहे आणि दावण अण्णांच्या. आधी ते परत फिरवायला पाहिजे."

"कशापायी?"

"म्हणजे? ज्याचं त्याला नको का द्यायला?"

हरिबांनी कप खाली ठेवला. "आपलं जनावर आपल्याकडनं एकांदा दिस उपाशी ऱ्हातंय. चालतंय. म्हनतो आपण, उद्या बघू. पर राखणीला आलेलं, दुसऱ्याचं जनावर? त्येला आधी पाणी, मंग आपल्याला. त्येच्या मालकाला त्वांड दाखवायचं असतंय." ते गौरीशंकरकडं वळले. "ऱ्हाऊ द्या तसंच. हिचं तू राख, तुझं ही राखंल. बघा कशी धष्टपुष्ट हुत्यात."

गौरीशंकरनं मान हलवली. मग तिथंच घोंगड्यावर बसून त्यानं दावणीचं कुलूप काढलं आणि दैवशालानं गोठ्याचं. भागवतनं विचारलं, "झालं? येवढंच?" आणि आणखी चहा टाकला.

पुढचे दिवस दोघांनी जिवाचं रान केलं. आतला सामाईक भाग लिहिला, त्याला नाव दिलं 'वाडा'. कामाची पाळी लावली. तिच्या पाळीला त्यानं फोन बाजूला ठेवायचा आणि त्याच्या पाळीला तिनं. पहिल्या सुट्टीच्या दिवशी गौरीशंकरला काय करावं सुचेना, तेव्हा उमादेवीनं त्याला हरभऱ्याची डाळ निवडायला बसवलं. लसी सुरू व्हायच्या आत दोन्हीकडचे फोन बोलायला लागले, आणि आता गोठ्यातही हरिबांचाच आवाज आला. ढोकीच्या बाया तर त्या आवाजाला उत्तरं द्यायला लागल्या.

पावसाळा तोंडावर असताना रुद्रम्मा दुकानात आली. म्हणाली, "गौरीशंकर, गोठ्यातली अक्षरं लई बारीक हायत. चष्मा लावून बी दिसंनात."

"गोठ्याचं गाऱ्हाणं बेंबळीला, अक्का. दैवशालाताई बघते ते. दावणीचं काही असलं तर मला सांगा."

"आँ? गोठा तुझा न्हवं? सवताच्या हातानं केलेलं दुसऱ्याला दिऊन बसलास?"

ती काही वाईट मनानं म्हणाली नव्हती, पण ते लागलं. महिन्यापूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं दुकान बंद केलं असतं. त्यानं तिचा फोन घेतला, गोठा नवा करून उघडला, आणि बघतो तर अक्षरं मोठी झालेली, टपोरी, लांबूनसुद्धा वाचता येतील अशी. दुसऱ्या कुणाचं तरी हेच गाऱ्हाणं बेंबळीला आधीच पोचलं होतं, आणि दैवशालानं सकाळीच शाळेला जायच्या आधी ते काम करून टाकलं होतं. शिवाय तिनं आणखी काहीतरी केलं होतं. जनावरांची यादी उघडताना गोठा जो एक बारीकसा हिसका द्यायचा, तो आता देत नव्हता. तो हिसका गौरीशंकरला पहिल्या दिवसापासून माहीत होता. आपलंच आहे, बघू कधीतरी, असं म्हणत त्यानं तो इतकी वर्षं तसाच राहू दिला होता.

त्याला एकदम इतकं बरं वाटलं, की तो रुद्रम्माच्या हातात फोन देऊन नुसताच हसत उभा राहिला.

"काय रं, हसतूस काय?"

"काय न्हाय, अक्का. बघा, झालीत अक्षरं मोठी."

ती फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत बसली. गौरीशंकरनं तिच्यासाठी पेंड काढून ठेवली आणि तो लॅपटॉपाकडं वळला. दावणीतलं एक काम कालपासून राहिलं होतं. दुसऱ्याचं जनावर होतं. हयगय करून चालणार नव्हतं.